नेपाळच्या घाटात मी गाडी चालवली

प्रिय भाऊ,

काल नेपाळहून तडक माहेरी रनाळ्याला आलो. ट्रंकेची दोरीसुद्धा अजून सोडली नाही, पण तुला सांगितल्याशिवाय राहवेना. मी परदेशात फटफटी चालवली रे! भाड्याची, अनोळखी, आणि तीही घाटात. यांना मागे बसवून!

तू केवढ्याने हसला असतास! आणि लगेच विचारलं असतंस, "ब्रेक देखा का?"

आठवतं, कापूस वेचून झाला की त्या मोकळ्या गाडवाटेवर तू मला शिकवायचास? मी लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून बसायची, तू शेजारून धावायचास. आबा बांधावरून ओरडले होते, "पोरले फटफटी शिकाडी ऱ्हायना, याड लागनं का तुले?" तू शांतपणे म्हणालास, "ती बैलगाडी हाकस, मंग फटफटी का बरं हाकाव नई?" आबा पुटपुटत बैलांकडे वळले!

धुळ्याला परवाना काढायलाही तूच नेलंस. साहेब माझ्याकडे बघत राहिला आणि तू मिशीत हसत राहिलास. मग इतक्या घाईने का गेलास रे? कावीळ झाली, तर मला वेळेवर बोलवायचं तरी!

असो. काठमांडूत यांना हिमालय जवळून बघायचा होता. दामन नावाच्या गावातून सगळी रांग दिसते, पण त्या दिवशी मोटार मिळेना. एका गॅरेजवाल्याकडे फटफटी होती. त्याने किल्ली यांच्यापुढे धरली. "साब, संभालके."

हे म्हणाले, "मला नाही येत. ही चालवते."

गॅरेजातली सगळी माणसं काम सोडून बघायला आली! मी परवाना दाखवला आणि खाली वाकून गाडी बघायला लागले. पुढच्या ब्रेकची तार मुठीपाशी झिजली होती. दोन-तीन धागे तुटलेलेच.

"तार बदल दीजिए."

"बहनजी, महीनों से ऐसे ही चल रही है."

"मेरे साथ नहीं चलेगी."

हे कानाशी पुटपुटले, "अगं, लोक हसताहेत." हसू देत! नवी तार बसेपर्यंत मी तिथल्या बाकावरून उठले नाही. डोक्याला लोखंडी टोपही मागून घेतला. यांची पॅन्ट, त्यावर स्वेटर आणि तो टोप. वहिनी तर ऐकूनच पोट धरून हसली.

घाट चढताना इंजिन धापा टाकत होतं, पण थांबलं नाही. वर पोचलो आणि समोर बर्फाची रांग, या टोकापासून त्या टोकापर्यंत! मी "भाऊ!" म्हणून मोठ्याने ओरडलेच. तू हवा होतास रे तिथे.

उतरताना धुकं आलं. मी गियर कमी करून सावकाश निघाले. हे म्हणाले, "पायी गेलो असतो तर लवकर पोचलो असतो." आणि एका वळणावर लाकडांचा ट्रक आमच्याच बाजूला आडवा बंद पडलेला! एका अंगाला दरी. मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरायला लागलं. मग पुढचा धरला, हळूहळू, तू शिकवलास तसा. नवी तार तटतटली, पण टिकली. गाडी थांबली तेव्हा ट्रकची फळी माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

हे मागून म्हणाले, "सुमन, आज तुझ्या भावाने मला वाचवलं." माझा खांदा त्यांनी अजून घट्ट धरून ठेवला होता. माझे मात्र हात स्थिर होते, भाऊ! उरलेला घाट मी गाणं म्हणत उतरले.

गॅरेजवाल्याला ट्रकची हकीकत सांगितली. तो गाडीकडे बघत म्हणाला, "अब सब गाड़ियों की तार देखूँगा."

आज सकाळी वहिनीला सगळं सांगत होते. ऐकता ऐकता ती उठली, गोठ्याच्या पडवीत गेली आणि तुझ्या फटफटीवरची ताडपत्री तिने ओढून काढली. तू गेल्यापासून तिने त्या गाडीला हात लावला नव्हता. आता पदराने टाकी पुसत म्हणाली, "बाई, कितला दिन झाकी ठेवानी? माले शिकाड."

आबा ओसरीवरच होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले आणि म्हणाले, "पहिले ब्रेक देखी ल्या."

भाऊ, तुला वचन देते. वहिनी एकटी गाडी घेऊन नंदुरबारच्या बाजारात जाईपर्यंत मी तिच्या शेजारून धावेन.

तुझीच,
सुमन