चौथी बाजू

बाबा,

दिग्रसचं घर विकून मी यवतमाळला रो हाउसमध्ये राहायला आले, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही असतात तर किंमत विचारली नसती, खोल्या विचारल्या नसत्या. "घराभोवती फिरता येते का?" एवढंच विचारलं असतं. तीन बाजूंनी येतं. टोकाचं घर मी मुद्दाम मागून घेतलं. चौथ्या बाजूला शेजाऱ्यांची खोली आहे. तुमचा नातू म्हणाला होता, "आई, हा काही फ्लॅट नाही. जमीन तुझी, छत तुझं, फाटक तुझं." सगळं खरं आहे. फक्त मधली भिंत दोघांची आहे आणि बिल्डरने ती एकच दिली आहे, तीही अर्ध्या विटेच्या जाडीची. माझ्या घराची एक बाजू दुसऱ्याच्या घरात आहे, हे सही करताना मला माहीत होतं. त्याचा अर्थ या महिन्यात कळला.

दिग्रसला तुम्ही चारही बाजूंनी वाट सोडली होती. जिनिंगच्या चाळीत एका खोलीतला कापूस पेटला आणि भिंतीला भिंत लागून असलेली सगळी ओळ जळाली, ते तुम्ही उभं राहून पाहिलं होतं. आई अखेरपर्यंत म्हणत राहिली, त्या वाटांमध्ये एक खोली निघाली असती. रविवारी सकाळी चहा झाला की तुम्ही किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघायचात. भिंतीवर तो वाजवत, कान देत, सावकाश. आवाज भद्द आला की गिलावा सुटला. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात एकदा हलतं आणि पावसात एकदा, त्याला विचारत राहावं लागतं, असं तुमचं म्हणणं. मी आठवीत असताना एका रविवारी ते काम माझ्यावर आलं. मागच्या भिंतीला गांधीलमाश्यांचं पोळं होतं, म्हणून मी तीन बाजू वाजवून आले आणि सगळं ठीक आहे म्हणाले. तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच विचारलंत, "चौथी बाजू कोनं पाह्यली?" मी पोळ्याचं सांगितलं. "जे पाह्यलं नाही ते ठीक हाय म्हनाचं नाही." आईने वाढलेले पोहे तुम्ही झाकून ठेवायला लावलेत आणि मला परत पाठवलंत. माशी चावली. पोहे गार झाले होते. पुढे तीस वर्षं शाळेत मुलांच्या वह्या तपासताना मी मागचं पान आधी उघडत असे.

इथेही दर रविवारी मी भिंती वाजवते. तोच जुडगा, कुलपं मात्र आता कुठलीच नाहीत. मे महिन्यात मधल्या भिंतीला छतापासून कपाटापर्यंत तिरपी भेग गेली. बोटाचं नख आत जाऊ लागलं. मिस्त्री आला, म्हणाला, "एका अंगानं भरून फायदा नाही, मॅडम. दोन्हीकून गिलावा काढून जाळी मारा लागते. अन् पावसाचं पानी लागाच्या आधी." लेकाने फोनवर तेव्हाच सांगून टाकलं, शेजारी तयार नसतील तर घर विकून नागपूरला ये. या वयात दुसरं घर विकायचं आणि त्याच्या पाहुण्यांच्या खोलीत राहायचं. मी चपला घातल्या आणि शेजारी गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शेजारचा मुलगा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. त्याने दार अर्धंच उघडलं. "आता कायचा आवाज झाला जी, मॅडम?" मी भेगेचं सांगितलं. तो आत बघत म्हणाला, "आमाले मार्चमधीच दिसली. सांगाले येनार होतो. पन तुमी काय म्हनसान, म्हनून राह्यलो." मी आत गेले. आमच्या भिंतीला लागून खाट होती, खाटेवर त्याची आई. कंबर मोडल्यापासून ती तिथेच असते. भेग तिच्या उशीच्या वर होती. मी म्हटलं, मार्चमध्ये सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं. त्यावर तो तापला. "तुमची ठकठक आयकू आली का आमची माय भेवानं थंडी पडते. रयवारी आमी टीव्ही बंद करून बसतो. पोट्टीले बाहेर धाडतो. आमी काय शाळेत हाओ का? तुमची भीत तुमी पाहा, मी मायची खाट हलवत नाही." आणि हात दाराकडे केला.

मी उठले नाही. तुमचं सगळं सांगितलं, जुडगा, गिलावा, काळी माती. दिग्रसच्या घरात तो आवाज चिमण्यांशिवाय कोणी ऐकत नव्हतं, हे सांगताना माझ्या लक्षात आलं. म्हातारीने मान वळवली. "म्हंजे तुमी भीत पाहून राह्यल्या होत्या?" मी हो म्हटलं. "मले वाटे, मी खोकलतो म्हनून वाजवता. पदराचा बोया तोंडात कोंबून पडत जाओ मी." मग तिने पुन्हा विचारलं, "खोकल्यासाठी नोयतं ना, बाई?" मी म्हटलं, नाही. ती मुलाला म्हणाली, "हलव बाप्पा खाट. बाई आपल्यासाठीच भीत पाहे." त्याने पायथ्याकडून खाट उचलून बघितली, मग म्हणाला, "सोमवारी या म्हना मिस्त्रीले."

उद्या सोमवार. म्हातारीची खाट पुढच्या खोलीत गेली आहे आणि माझं कपाट अंगणात आहे. मघापासून ती मोकळी खोकते आहे. इतका आवाज येतो हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते.

बाबा, मागच्या हिवाळ्यात एका दुपारी, रविवार नव्हता, तो खोकला थांबेना म्हणून मी जुडगा उचलला आणि दोनदा जोरात वाजवला. खोकला लगेच थांबला. मला बरं वाटलं होतं. हे तिला सांगितलं तर उद्या भिंत उघडणार नाही. हा कागद मी जुडग्याखाली ठेवते आहे.