बिस्किटं वाळेपर्यंत लिहिलेलं पत्र

ती. मावशीस,

जिथे असशील तिथे, आणि पाय वर घेऊन बसली असशील तरी, पाया पडतो.

पत्र लिहायचं किती वेळा ठरवलं ते विचारू नकोस. कागद होता, पेन होतं, पत्ता तर झोपेतही सांगेन. फक्त बूड टेकत नव्हतं. आज टेकलंय तेही माझ्या मनाने नाही, मिस्त्रींनी टेकवलंय. (ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? शेजारणीशी बोलणं सुरू झालं का, की अजून भिंतीकडे बघूनच सुनावतेस? मी मजेत आहे. जेवतो वेळेवर, आणि तब्येत सुधारल्याचं शर्टाची बटणं सांगतात.

तर मी हल्ली एका सुतारकामाच्या कारखान्यात असतो आणि तिथेच झोपतो. छापखाना सुटला (म्हणजे मी सुटलो), मग एका ट्रकवर क्लीनर झालो. तो ट्रक या कारखान्यासमोर बंद पडला, आतून ताज्या लाकडाचा वास आला, म्हणून सहज डोकावलो. ट्रक दुरुस्त होऊन कधीच गेला. मिस्त्रींनी विचारलं होतं, "काय येतं तुला?" मी म्हणालो, "सगळं थोडं थोडं." ते म्हणाले, "म्हणजे काहीच नाही. झाडू कोपऱ्यात आहे." त्या झाडूपासून चढत चढत मी आता बिस्किटांपर्यंत आलोय.

ही बिस्किटं चहातली नव्हेत, डबा शोधू नकोस. ही दाबून चपटी केलेली लाकडाची पानं असतात, दोन्ही टोकांना निमुळती. दोन फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, तर दोन्ही कडांना यंत्राने समोरासमोर खाचा पाडायच्या, सरस भरायचा आणि प्रत्येक खाचेत अर्धं बिस्किट इकडे, अर्धं तिकडे. सरसातलं पाणी पिऊन बिस्किट फुगतं आणि आत घट्ट बसतं, काका आरामखुर्चीत बसतात ना, तसं. मग फळ्या शिकंज्यात आवळून ठेवायच्या आणि वाट बघायची. मावशी, गोची इथेच आहे. वाट बघणं आपल्या घराण्यात कोणाला जमलंय? भांड्यावरचं झाकण सारखं उचलून बघायची खोड मी तुझ्याकडूनच घेतली. (काका साक्षीला आहेत, पण ते बोलणार नाहीत.)

एका शिंपीणबाईंना कापड कापायला टेबल हवं होतं. मिस्त्री म्हणाले, "याचा वरचा तक्ता तू जोड. सपाट आला तर तू इथला, नाही आला तर पुढचा ट्रक बघ." आणि मावशी, मला इथून जायचं नाहीये. हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, म्हणून अक्षर जरा वाकडं आलंय.

खाचा अचूक पाडल्या, तक्ता आवळला. "उद्या दुपारपर्यंत हात लावू नकोस," असं बजावून मिस्त्री जेवायला गेले. मी नुसता बघत होतो. थोड्या वेळाने हात फिरवून बघितला, तर जिथे जिथे आत बिस्किट, तिथे तिथे लाकूड किंचित फुगलेलं. मला वाटलं, बिचाऱ्या मिस्त्रींना कशाला त्रास. रंधा घेतला आणि सगळे फुगवटे साफ केले. तक्ता लोण्यासारखा गुळगुळीत केला गं. मिस्त्रींनी येऊन जमिनीवरचा भुगा बघितला आणि कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला. तेव्हाच समजायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सरस वाळला, पाणी उडालं, फुगलेलं लाकूड परत खाली बसलं आणि मी रंधलेल्या प्रत्येक जागी खळगा पडला. जणू रात्रभर कोणी त्यावर कोपरं टेकून बसलं होतं. शिंपीणबाईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "यावर कापलं तर गिऱ्हाइकाला तिसरी बाही येईल." मिस्त्री मला म्हणाले, "लाकडाचं काही चुकलं नाही. ते बसणारच होतं. तूच बसला नाहीस."

मी पिशवी भरायला लागलो, तर त्यांनी नव्या फळ्या पुढ्यात टाकल्या. आज सकाळी त्या जोडल्या. आता तक्ता समोर शिकंज्यात आहे, मी हात पुरणार नाही इतक्या लांब स्टुलावर, आणि हुकूम असा की, "हात शिवशिवले तर कोणाला तरी पत्र लिही." तर हे पत्र मायेपोटी कमी आणि सरसापोटी जास्त आहे. राग मानू नकोस.

तुझा,
स्टुलावरचा भाचा

ता. क. : मूळ मुद्दा राहिलाच. तो खळग्यांचा तक्ता इथे अडगळ झालाय. तुझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली तो बसेल. लिंबं तर अजिबात घरंगळणार नाहीत. तूच सांगून करवून घेतलास असं मिस्त्रींना कळवशील का?

ता. क. २ : वरची ओळ लिहिली आणि दारात तूच. पत्र नाही म्हणून स्वतः निघालीस, काकांना शेजारणीवर सोपवून, आणि छापखान्यापासून ट्रकवाल्यापर्यंत माझा माग काढत इथे पोचलीस. (म्हणजे बोलणं सुरू झालंय.) पिशवी ठेवायच्या आधी तुझा हात शिकंज्याकडे गेला. "एवढं आवळलंय कशाला रे हे?" मी म्हणालो, "मावशी, उद्या दुपारपर्यंत हात लावायचा नाही." आणि तू चक्क हात मागे घेतलास. आतून मिस्त्रींचा आवाज आला, "त्यांनाही स्टूल दे. आणि हत्यारांच्या भिंतीवर तुझा रंधा टांगायला एक खिळा ठोकून घे."

तू शेजारी बसून मी काय लिहितोय ते वाकून बघते आहेस. खिळा मी उद्या दुपारी ठोकणार आहे. हादऱ्याने तक्ता हलायला नको.