सिंगापूरचा कायदा आणि बिरप्पाची विडी

५ एप्रिल १९७६, सोमवार
बिरप्पाने आज माझ्या नव्या टेरिलीनच्या शर्टाला विडीने भोक पाडले. बरोबर खिशावर. शेजारचे टेबल म्हणून सहा वर्षे याचा धूर गिळतोय. सॉरी नाही, काही नाही. वर म्हणतो, "हवा येईल की आत." अख्खे ऑफिस हसले. सूड घेणार. शांत डोक्याने.

६ एप्रिल
सौ.ने रफू केले. भोकापेक्षा रफू जास्त दिसते. डोके शांत नाही.

८ एप्रिल, रामनवमीची सुट्टी
वाचनालयात सापडले! सिंगापुरात थेटरात सिगारेट ओढली की दंड. बसमध्येसुद्धा. आपल्याकडे थेटरात हीरोच्या आधी धूर दिसतो. अमेरिकेतल्या एका राज्यात तर गेल्या वर्षीच कायदा झाला : ओढणारे वेगळे बसतील, न ओढणारे वेगळे. बिरप्पा, संपलास तू.

९ एप्रिल
साहेबांना तीन पानी अर्ज. विषय : परदेशातील धूम्रपानाचे कायदे व आपली आवक-जावक शाखा. बिरप्पाला बाहेर लिंबाखाली बसवावे, असे सुचवले. त्याला कळलेच. म्हणाला, "सिंगापूरला बदली मागा की!" हसून घे लेका.

१३ एप्रिल
साहेबांनी बोलावले. पूर्ण अर्ज वाचला. वाचताना त्यांच्या दोन सिगारेटी संपल्या. म्हणाले, सिंगापूर फार कडक, अमेरिका बरी. जिंकलो!

१५ एप्रिल
ऑर्डर निघाली. ओढणारे अकरा, त्यांना हॉल. न ओढणारा मी एकटा, मला रेकॉर्ड रूम. हॉलात खिडक्या, पंखे. माझ्याकडे सत्तेचाळीस सालापासूनच्या फायली. पण तत्त्व मान्य झाले, हे महत्त्वाचे.

१९ एप्रिल
बेचाळीस डिग्री. साहेब हल्ली हॉलात येऊन ओढतात. बिरप्पा काडी पेटवून देतो. सूड आता दुप्पट. आणखी कडक देश शोधतोय.

२२ एप्रिल
रेकॉर्ड रूममध्ये चक्कर येऊन पडलो. उचलायला पहिला बिरप्पा धावला. मुद्दाम.

२३ एप्रिल, शुक्रवार
बिरप्पा म्हणाला, "चला हॉलात. लई ताणू नका." मी ऑर्डरीची आठवण करून दिली. त्याने खिशातली विडी काढून माझ्या ओठांत ठेवली. म्हणाला, "झालं की. पेटवायलाच पायजे असं कुटं लिवलंय?"
खरेच लिहिलेले नाही. मसुदा माझाच.
दुपारभर पंख्याखाली बसलो. फार बरे वाटले. चारला साहेब आले, माझ्याकडे बघून खूश झाले आणि स्वतः काडी ओढून पुढे धरली.
साहेबांना नाही कसे म्हणणार?
खोकलो. बिरप्पाने पाठीवरून हात फिरवला.
सूड सोमवारपासून.