फिरवायची राहिलेली फिरकी

आबा, तुझा कॅमेरा काल माळ्यावरून खाली काढला. नातसुनेने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, ही फ्रान्सची पेटी. म्हणे हिचे बरेच प्रकार निघाले, कुणाला चामड्याचं आवरण, कुणाला जवळच्या चेहऱ्यासाठी जादा भिंग. आपली सगळ्यात साधी, पत्र्याची. मी म्हटलं, साधीच असणार, घेणारा कोण होता.

विसरवाडीच्या बाजारात तू ती पोटाशी धरून वरच्या काचेत पाहायचास आणि लोक श्वास रोखून उभे. मी, तुझी पोर, तुझ्यावर छत्री धरायची. एकदाच मला खटका दाबू दिलास, फिल्म पुढे सरकवणारी फिरकी मी विसरले आणि लगेच टपली मारलीस. "खटका दाबा का लगेच फिरकी फिराव! नही ते एकना आंगवर दुसरा छपस. ध्यान कोठे शे तुन्हं?" गिऱ्हाईक हसलं. घरच्यांचा फोटो तू कधी काढला नाहीस. फिल्म काय झाडाला लागते, म्हणायचास.

तू तापाने गेलास तेव्हा तुझाही फोटो नव्हता. काकांनी तुला अंगणात खुर्चीवर टेकवून बसवलं आणि पेटी माझ्या हातात दिली. मी खटका दाबला. फिरकीही फिरवली, शिकवलीस तशी. रडले नाही. नंदुरबारहून फोटो धुऊन आला, तर तुझ्या छातीत एक पोरगी बसलेली, मान खाली, सुपात तूर निवडतेय. मीच. आधी कधीतरी तू मला न सांगता काढलंस आणि फिरकी फिरवलीच नाहीस. ती करकरते, मी वर पाहिलं असतं म्हणून असेल. नाहीतर तापात विसरला असशील. मायने एकदाच पाहिला. "जित्ती पोर मड्याना आंगवर!" म्हणाली आणि ट्रंकेच्या तळाशी घातला.

आता नव्या घरात तुला भिंतीवर लावायचंय. नातसून विचारते, "आजी, ही पोर पुसी टाकू का? आबा मोकळा दिखतीन." मोबाइलवर करूनही दाखवलं. तू एकटा, साफ. मला काही वाटलं नाही. तरी म्हटलं, "ऱ्हाऊ दे वं. ती काय वाटा मांगी ऱ्हायनी का?"

उद्या खिळा ठोकतील. हा कागद फ्रेमच्या पुठ्ठ्यामागे घालते. तुला अक्षर येत नव्हतं, वाचणार नाहीसच. नातसुनेला एक सांगितलं नाही. त्या वयातला माझा दुसरा फोटो नाही. हा हातात घेतला की मी आधी त्या पोरीला पाहते. तुला नंतर.