मागचा ट्रक पुढे गेलाच नाही

बुधवार, संध्याकाळ

सुनंदाला मागे बसवून श्रीरामपूरहून येत होतो. मागून एका ट्रकचा हॉर्नवर हॉर्न. बाजू दिली, तरी पठ्ठ्या पुढे जाईना. डोकंच फिरलं माझं. मोटरसायकल कडेला घेतली आणि त्याला सणसणीत शिवी हासडली.

ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "शिव्या मागून द्या दादा. आदी वहिनींचा पदर बगा."

पदराचं टोक पार चेनपाशी लोंबत होतं, काळं झालेलं.

"हात दावून दावून दमलो. आरसा न्हाई व्हय गाडीला?"

आरसे मीच काढून ठेवलेत. गाडी उठून दिसते म्हणून!

तेव्हा कुठे मागे पाहिलं. ट्रकमागे गाड्यांची ही लांबलचक रांग, सगळे बोंबलतायत. एवढं धूड माझ्या चाळीसच्या वेगाने, रस्त्याच्या मधोमध आणलं त्याने. सुनंदा पडलीच असती, तर मागची गाडी तिच्या अंगावर येऊ नये म्हणून? दुसरं काय कारण? म्हणूनच तो पुढे गेला नाही. आभारसुद्धा मानायचे राहिले.

सुनंदाने साडी भिजत घातलीय. वंगणाचा डाग जात नाही म्हणाली.

म्हटलं, राहू दे.