एकच पेला नितळ राहिला

प्रिय बबे,

परवा फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मला मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही. वर्गात साथीचा खेळ घेतलास, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. प्रत्येकाच्या हातात पाण्याचा पेला, त्यातल्या एकातच सोडा विरघळलेला, दिसायला सगळे सारखे. मुलांनी फिरून तिघातिघांशी पाणी मिसळायचं, मग तू रसायनाचे थेंब टाकणार, आणि ज्याचं पाणी गुलाबी होईल त्याला लागण. बघता बघता सगळा वर्ग गुलाबी झाला म्हणालीस. "फक्त आपल्या चिंगीचा पेला नितळ राहिला गं ताई." तू तिला बाकावर उभं केलंस, "जो लांब राहतो तो वाचतो, बघा," असं सांगून तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्यास.

ती लांब राहिली नव्हती, बबे. पेला पुढे करून माझी लेक एकेका बाकाशी गेली होती. पहिलीने आपल्या पेल्यावर हात ठेवला. दुसरी म्हणाली, "माझे तीन झाले." फळ्याजवळच्या पोरांनी तिच्या कोपरावरच्या इसबाकडे बोट दाखवलं, "खरी साथ आली, पळा." हे तिने रडत सांगितलं नाही, वेणी घालून घेताना सहज सांगितलं. इसब कुणाला लागत नाही, हे डॉक्टरांनी आपल्या दोघींसमोर सांगितलंय. वर्गाला ते एका वाक्यात सांगता आलं असतं. चिंगी म्हणते, मावशी माझ्याकडेच बघत होती, आणि मग तिने बाटलीचं झाकण उघडलं.

तुझा धडा मात्र तिच्या डोक्यात पक्का बसलाय. जेवायला ती आता आमच्यात बसत नाही, ताट उचलून खिडकीशी जाते. धाकटा गळ्यात पडायला धावला तर त्याला हाताने अडवते. काल मी जवळ घ्यायला गेले तशी मागे सरकली आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, "आई, असं केलं की टाळ्या मिळतात." सांगताना तोंड कसं खुललं होतं गं. आजवर तिच्यासाठी टाळ्या वाजल्या त्या एवढ्याच.

तू निरोप पाठवलास की शनिवारी प्रदर्शनात हाच खेळ बाहेरच्या शाळांपुढे करायचाय आणि शेवटी बाकावर चिंगीच हवी. ती केव्हाच तयार आहे; निळ्या फ्रॉकला माझ्याकडून दोनदा इस्त्री करून घेतली. मी नाही म्हटलं तर तिचं सुख आईने हिसकावलं असं होईल, आणि मग घरातही तिला कुणी उरणार नाही. म्हणून हे लिहायला बसले. नाही तू म्हण. दुसरी मुलगी जास्त चुणचुणीत वाटली म्हणून सांग, हवं तर वर्गादेखत सांग. तुझ्यावर तिचा फार जीव आहे. ती कोलमडेल आणि तुझ्याशी पुन्हा कधी बोलणारही नाही कदाचित. मला चालेल. आपल्या दोघींपैकी एक तिच्या मनातून उतरणार आहे. ती तू हो.

एवढं करून झाल्यावरही तुझीच,
ताई