सात नंबरच्या खणातले सतरा

आप्पा, तुमचं नाक थोरल्याला मिळालं आणि तुमचा संशय माझ्या वाट्याला आला. आजही मी औषधाची पट्टी दुकानातच मोजून घेते, रिक्षावाल्याने अनोळखी वळण घेतलं की का म्हणून विचारते, आणि कोणी फार गोड बोललं की याच्या पोटात काय आहे ते आधी बघते. घरातले हसतात. आम्हीही तुम्हाला हसायचोच. सिल्वासाजवळ मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात तुम्ही रातपाळीचे जॉबर होता. बारा मशीनांवर देखरेख ठेवायची आणि कुठल्या मशीनवर किती वेळा धागा तुटला ते रजिस्टरात मांडायचं. तूट जास्त म्हणजे त्या मशीनवरचा माणूस कामचुकार, असा तिथला हिशेब. पाळी सुरू होण्याआधी तुम्ही बाराही रकान्यांत स्वतःच्या हाताने शून्य लिहायचात आणि मग धागा तुटेल तशी शून्यापुढे एकेक रेघ मारायचात. "रिकामा रकाना सोडला का कोनी बी येऊन त्यात काय बी लिहून जाईन," असं तुमचं म्हणणं. आईला वाटायचं, एवढा वहेम घेणारा माणूस सुखाने जेवत तरी कसा असेल.

सिल्वासाच्या आमली भागात एका कापडाच्या दुकानावर संगणकाचा वर्ग निघाला, तेव्हा मी बारावी होऊन घरी बसले होते. चपला जिन्यातच काढायच्या, कारण धुळीने संगणक बिघडतो. शिकवायला मुंबईहून आलेले एक सर होते, ते बेसिक नावाची भाषा शिकवायचे. एखादी गोष्ट साठवायची तर तिच्या जागेला नाव द्यायचं, ते व्हेरिएबल. एकाच नावाचे ओळीने पुष्कळ खण हवे असले तर तो ॲरे. दहा नंबरपर्यंतचे खण संगणक न विचारता देतो, त्यापुढचे हवे असतील तर आधीच डिम लिहून सांगायचं, एवढी जागा राखून ठेव म्हणून. घरी येऊन मी तुम्हाला हे शिकवायला बसले. ओट्यावर बारा वाट्या ओळीने मांडल्या आणि म्हटलं, हा तुमचा कारखाना, डिम टी, कंसात बारा. तुम्ही नुकते पाळीवरून आलेले, समोर चहा निवतो आहे, आणि तुम्ही एकेक वाटी उचलून आत बघता आहात.

"यात आधीचं काई नाही, हे कोन पाहातं?"

"पाहावं लागत नाही, आप्पा. तो स्वतःच शून्य ठेवतो."

"तू पाह्यलं का?"

"आता त्या मशीनवर बी वहेम घ्या," आई चुलीपाशी बसून म्हणाली. ती हसली आणि मी मात्र चिडले. सगळं जग तुमच्या कारखान्यासारखं नसतं, असं काहीतरी मी बोलून गेले. तुम्ही वाटी खाली ठेवलीत आणि चहा प्यायलात.

पुढच्याच वर्षी तुमच्या कारखान्यात संगणक आला आणि तुम्हीच मॅनेजरकडे शब्द टाकून मला तिथे चिकटवलंत. तुटीचा प्रोग्राम मी लिहिला. रजिस्टर बंद झालं. आता दोन्ही पाळ्यांचे जॉबर चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकायचे. सकाळी मी संगणक सुरू करून आदल्या दिवसपाळीच्या चिठ्ठ्या भरायची, कागद छापायची, मग रातपाळीच्या भरायची आणि दुसरा कागद छापायची. भरलेल्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत जायच्या. तुम्ही त्याही जपून ठेवायला सांगितल्या होत्या. मी म्हटलं, मग संगणक कशाला घेतला?

पंधरवड्यात मॅनेजरने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. रातपाळीची तूट दिवसपाळीच्या दुप्पट निघत होती. रात्री माणसं झोपतात, याबद्दल त्याची खात्रीच पटली. सर्वांत जास्त तूट सात नंबरवर होती आणि सातवर आपल्याच तालुक्यातला तो उंच माणूस होता, ज्याला तुम्ही गावाहून आणून कामाला लावलं होतं. त्याला काढून टाकलं. तुम्ही सकाळी तसेच मॅनेजरपुढे जाऊन उभे राहिलात आणि खिशातून एक छोटी वही काढलीत. रजिस्टर बंद झालं तरी तुमचं लिहिणं बंद झालेलं नव्हतं. मी पलीकडे काचेआड बसून ऐकत होते. मॅनेजरने वहीला हातही लावला नाही. "काका, कम्प्युटर खोटुं ना बोले. अने प्रोग्राम तो तमारी दीकरीए ज बनाव्यो छे." म्हणजे प्रोग्राम तुमच्याच लेकीने केलेला आहे.

घरी आल्यावर तुम्ही ती वही माझ्यापुढे धरलीत. "सातवर परवाच्या राती चौदा. तुझ्या कागदावर एकतीस. कसं काय, बाई?" तुम्ही रागावला नव्हता. खरंच विचारत होता. आणि मी म्हणाले, "लिहिताना तुमचा डोळा लागला असेल."

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. दिवसपाळीचा कागद छापून झाला होता, रातपाळीची एकही चिठ्ठी मी भरली नव्हती, आणि सात नंबरच्या खणात काय आहे ते पडद्यावर मागवलं. सतरा. आत्ताच छापलेल्या दिवसपाळीचे सतरा. संगणक शून्य ठेवतो, पण प्रोग्राम सुरू होताना एकदाच. माझा प्रोग्राम कागद छापून पुन्हा चिठ्ठ्या मागायला परत यायचा, नव्याने सुरू होत नव्हता. खणांतल्या जुन्या आकड्यांतच नवे मिळवले जायचे, आणि रात्रीच्या माणसांच्या डोक्यावर दिवसाची तूट चढत होती. वहीतल्या त्या रात्रीचेही तसेच, त्या दिवशीही दिवसपाळीचे सतराच होते, त्यांत रात्रीचे चौदा मिळून एकतीस. वर्गात मी दर वेळी प्रोग्राम नव्याने चालवून बघितला होता, त्यामुळे तिथे हे कधी दिसलंच नाही. छापून झालं की बाराही खणांत शून्य भरायचं, एवढं दोन ओळींत मी लिहिलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. कोणाला सांगितलं नाही.

रातपाळीची तूट एका दिवसात निम्म्यावर आली. मॅनेजर खूश झाला. एकाला काढलं तर सगळे सरळ झाले, असं तो येईल त्याला सांगायचा. तो उंच माणूस बायको आणि दोन पोरांना घेऊन सिल्वासाच्या एसटी स्टँडवर गेला तेव्हा तुम्ही पोचवायला गेला होता, मी गेले नाही. त्या आठवड्यात तुम्ही वही माझ्या कागदाशी ताडून बघितलीत. आकडे जुळले. मी म्हणाले, "बघा. जागं राहून लिहिलं की जुळतं." तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही वही ठेवली नाहीत. बँकेचा फॉर्म असो की रेशनचा, लिहून झाला की माझ्याकडे सरकवायचात. "तू पाहून घे बाई, माझ्या लिहिण्याचा भरोसा नाही." साऱ्या दुनियेवर संशय घेणारे तुम्ही, शेवटची नऊ वर्षं फक्त स्वतःवर घेत राहिलात. ते मी रोज बघत होते आणि फॉर्म तपासून देत होते.

नोकरी जाईल म्हणून मी गप्प बसले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मॅनेजरने मला काढलं नसतं, तो प्रोग्राम दुसऱ्या कोणाला येत नव्हता. मला तुमच्यापुढे हरायचं नव्हतं, एवढंच. कधी वाटतं, तुम्हाला सगळं कळलं होतं आणि मला सांभाळून घ्यायला तुम्ही तो दोष अंगावर घेतलात. तूट एका दिवसात निम्मी कशी झाली, हे तुमच्यासारख्या माणसाला खटकल्याशिवाय राहिलं असेल का? पण या विचाराचाही मला संशय येतो. तो फार सोयीचा आहे.

आप्पा, तो उंच माणूस अजून आहे. थकलाय, मुलाकडे सुरतेला असतो. पत्ता मला ठाऊक आहे. हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुमचं उत्तर येणार नाही.